वरून दिसलेली गच्ची

मित्रांनो, मी एक जुना उडता कॅमेरा आहे. लोक मला ड्रोन म्हणतात. आज माझा एक पंखा मोडलेला आहे आणि मी पुस्तकांच्या कपाटावर धूळ खात पडलो आहे. पण एके काळी अख्खं शहर माझ्या पायाखाली होतं, हे विसरू नका!

कारखान्यात जन्मलो, दुकानाच्या काचेत थोडे दिवस मिरवलो आणि एका कादंबरीकार बाईंच्या घरी आलो. आजकाल बऱ्याच कादंबऱ्यांत शहर आकाशातून दिसतं. बाईंनाही तशीच कादंबरी लिहायची होती. मी सकाळी उडायचो आणि बाई खिडकीशी बसून, मी टिपलेलं संगणकाच्या पडद्यावर पाहत लिहायच्या. रस्ते, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी... वरून सगळं कसं नीटनेटकं दिसायचं. पहिलं प्रकरण वाचून प्रकाशक म्हणाले, "वा! शहर असं कुणी दाखवलंच नव्हतं." मला तर आभाळ ठेंगणं झालं. बाईंची धाकटी बहीण मात्र म्हणाली, "ताई, हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं." मला तिचा रागच आला.

त्या प्रकरणात एक गच्ची होती. तिथे कबुतरं पाळणाऱ्या एक आजी मला पाहिलं की दोन्ही हात हलवायच्या आणि कबुतरांचा थवा गोल गोल फिरत राहायचा. बाईंनी लिहिलं, 'शहर हात हलवून माझं स्वागत करतं.' मलाही तसंच वाटायचं. उडताना माझ्याच पंख्यांच्या घरघरीपुढे मला खालचं काही ऐकू येत नाही.

एकदा माझा पंखा मोडला आणि मी नेमका त्याच गच्चीवर आदळलो. बाई धापा टाकत जिने चढून मला न्यायला आल्या.

"तुमचं का हे?" आजी म्हणाल्या. "अहो, हात हलवून हलवून खांदे भरून आले माझे. जा म्हणत होते, जा!"

"मला वाटलं..." बाई म्हणू लागल्या.

"हे घोंघावायला लागलं की पाखरं खाली उतरत नाहीत. अंड्यांवरची मादीसुद्धा उठून जाते." आजींनी खुराड्यातून एक अंडं काढून बाईंच्या तळहातावर ठेवलं. "बघा, गार पडलंय. दुसरं अजून कोमट आहे. ती परतली तर वाचेल."

बाईंनी मला घाईघाईने पिशवीत कोंबलं. दोघी जिन्याच्या दाराआड गप्प बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने पिशवीच्या उघड्या तोंडातून मला दिसलं, मादी कठड्यावर उतरली, तिने इकडेतिकडे पाहिलं आणि ती खुराड्यात शिरली.

"बसली गं बाई," आजी पुटपुटल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मला त्यांनी पुन्हा दुरुस्त केलं नाही. कादंबरी नव्याने लिहिली, त्याच गच्चीवर बसून. तिच्यात मी एका ओळीपुरता आहे: 'आकाशात काहीतरी घोंघावत होतं, म्हणून पाखरं उतरत नव्हती.' वाचून वाईट वाटलं, पण ओळ खरी आहे.

मित्रांनो, उंचावरून जरूर पाहा. मात्र खालचं माणूस हात हलवताना दिसलं, तर त्याचा अर्थ आपल्या मनाने लावू नका. त्याच्या दारी जाऊन विचारा, आणि वेळेवर विचारा. आम्ही पोहोचलो, तेव्हा एक अंडं गार पडलं होतं.