आतली साय

दादाच्या नाकावर माशी बसलेली चालायची नाही, आणि रंगावर बसली तर त्या दिवशी कोणाची धडगत नव्हती. गाड्या रंगवायचं त्याचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक लांबोडकी शेड. मागच्या टोकाला प्लॅस्टिकचे पडदे सोडून केलेली रंगाची खोली, पुढच्या टोकाला पाण्याचा नळ, आणि मध्ये पॉलिश करायचं बफिंग मशीन हातात घेऊन उभी असलेली त्याची धाकटी बहीण. बहिणीचं वय सेहेचाळीस, चष्मा लागूनही सहा वर्षं झालेली, पण दादासाठी ती अजून चिमणीच. त्याचं ऐकून गिऱ्हाइकंही चिमणीताई म्हणायला लागली.

वीस वर्षांपूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून, एक बॅग घेऊन माहेरी आली, तेव्हा दादानं तिला एका शब्दानं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातात मशीन दिलं आणि म्हणाला, "रडायचं असेल तर खुशाल रड. पण हात एका जागी थांबवू नकोस, रंग जळतो." झालं सांत्वन! तेवढ्यावर तिनं वीस वर्षं काढली, आणि खरं सांगायचं तर बरी काढली.

त्या शेडमध्ये गाडीच्या रंगावर जी दुधाळ, मळकट झाक येते तिला साय म्हणत. शब्द आप्पांचा, म्हणजे या दोघांच्या वडिलांचा. शेडही त्यांनीच उभी केलेली. साय दोन प्रकारची, वरची आणि आतली. ओळखायची रीत एकदम सोपी, ओलं फडकं फिरवायचं आणि बघायचं. पाणी असेपर्यंत साय दिसेनाशी झाली तर ती वरची. बारीक ओरखडे असतात, पाणी त्यांच्यात भरतं आणि ते लपतात. चिमणीनं मशीन मारलं की निघून जातात. पण ओलं केल्यावरही साय जशीच्या तशी दिसत राहिली तर ती आतली. म्हणजे वरचं लॅकरच, रंगावरचा तो चकचकीत पारदर्शक थर, आतून गेलेलं. मग पॉलिश करकरून खांदे मोडून घेण्यात अर्थ नाही, पत्र्यापर्यंत खरवडायचं आणि पहिल्यापासून रंगवायचं.

आप्पांचा दुसरा नियम रंगाचा नव्हता, पण त्याहून कडक होता. गिऱ्हाइकासमोर कारागिराला खोटं पाडायचं नाही. चुकत असेल तर गिऱ्हाईक फाटकाबाहेर गेल्यावर बोला, हवं तर डोकं फोडा. तरुणपणी दादानं एकदा एका गिऱ्हाइकासमोर "आप्पा, हा लाल तो नाही" म्हटलं होतं. लाल खरंच तो नव्हता. पण आप्पा पुढे आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

तर हे असं घर. आणि या घरात गेलं वर्षभर दादाचं काहीतरी बिनसलं होतं. आधी तो म्हणाला, शेडमध्ये उजेड कमी पडतोय. चारही ट्यूब बदलल्या. मग म्हणाला, लॅकरमध्ये भेसळ आहे. दुकान बदललं. मग थिनर खराब ठरला, मग हवा दमट ठरली. दोन गाड्या रंगाचे ओघळ घेऊन परत आल्या, तेव्हा त्यानं स्प्रे गनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वहिनी म्हणायची, हल्ली चहा कपात ओततात की बशीत ते त्यांचं त्यांनाच माहीत. चिमणी हे ऐकायची आणि विषय बदलायची. तिला कळत नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं. दादाचे डोळे म्हणजे ती शेड, आणि ती शेड म्हणजे तिचं सगळं.

अशात मंगळवारी सकाळी शिंपीकाका त्यांची गडद निळी गाडी घेऊन आले.

ही गाडी आप्पांनी रंगवलेली. अठ्ठावीस वर्षं झाली, त्याच वर्षी आप्पा गेले. त्यांच्या हातच्या बाकी गाड्या केव्हाच भंगारात गेल्या होत्या. रस्त्यावर उरलेली ही एवढी एकच. शिंपीकाका दर वर्षी गाडीसाठी नवं कापडी आवरण शिवायचे. स्वतःचा सदरा उसवलेला असायचा, पण गाडीच्या आवरणाला दुहेरी शिवण! त्यामुळे रंग असा राहिला होता की चिमणी रस्त्यात गाडी दिसली तर क्षणभर थांबायची. आप्पा गेल्यावर बघायला तेवढंच होतं.

दादानं बादलीत फडकं बुडवलं, बॉनेटवर फिरवलं, वाकला, नाक टेकेल इतका वाकला. शिंपीकाका शेजारी टोपी हातात घेऊन उभे होते, डॉक्टरपुढे नातेवाईक उभे राहतात तसे.

"गेलं," दादा म्हणाला. "पाण्याखालीही तशीच दिसतेय. आतली साय आहे, काका. आप्पांचं लॅकर गेलं. खरवडावं लागणार."

आवाज जड होता. पण त्या जडपणाखाली कुठेतरी सुटल्यासारखंही काहीतरी होतं, आणि ते चिमणीला खटकलं.

तिनं बॉनेटकडे पाहिलं. ओल्या पत्र्यावर खोल, स्वच्छ निळा रंग होता. वरच्या ट्यूबची रेघ त्यात सरळसोट दिसत होती. तिचं स्वतःचं तोंड दिसत होतं, चष्म्याच्या तुटलेल्या आणि दोऱ्यानं बांधलेल्या काडीसकट. साय? सायीचा पत्ता नव्हता.  तिनं तोंड उघडलं. शिंपीकाका तिच्याकडेच बघत होते. तिनं तोंड मिटलं.

काका गेले की सांगू, तिनं ठरवलं. दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे.

"चिमणे, काकांना फाटकापर्यंत सोडून ये," दादा म्हणाला.

आता शिंपीकाकांचे गुडघे, आणि शिंपीकाकांची जीभ! गुडघे जितके सावकाश, तितकी जीभ जोरात. शेडपासून फाटक पन्नास पावलांवर. त्यांनी त्यात तीनदा मुक्काम केला. सुनेचं झालं, पाठदुखीचं झालं. चिमणी नुसती हं हं करत होती. फाटकाशी येऊन ते थांबले आणि म्हणाले, "एक सांगू का, मला तर गाडीत काही दिसत नव्हतं हो. चांगली आरशासारखी आहे. परवा तुझा दादाच दुकानात आला आणि म्हणाला, काका, गाडीवर साय धरलीय, घेऊन या. म्हटलं, मिस्त्री सांगतो म्हणजे असणार. आपण कापडातली माणसं, आपल्याला काय कळतं?"

 दादा स्वतःहून बोलवायला गेला होता. आयुष्यात कधी गिऱ्हाइकाच्या दारात न गेलेला दादा.

आणि तेवढ्यात शेडमधून घासायच्या मशीनचा आवाज सुरू झाला.

ती धावली. तिच्या वयाला शोभेल की नाही याचा विचार न करता, चप्पल फाटकाशीच सोडून धावली. "दादा, थांब! अरे थांब!" पण त्या मशीनपुढे कुणाचं काय ऐकू येणार! ती आत पोचली तेव्हा बॉनेटच्या मधोमध ताटाएवढा पत्रा उघडा पडला होता. दादाच्या हातांवर, भुवयांवर, ओठांवर निळी पूड बसली होती. घाई चालली होती त्याची. रंगाच्या कामात घाई करणाऱ्याला ज्यानं दारात उभं केलं नसतं, तो माणूस नावडतं औषध संपवावं तसा भराभर घासत होता.

तिनं भिंतीतला प्लग खेचला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"अगं ए! डोकं फिरलंय का तुझं?"

"दादा, साय नव्हती त्यावर."

"काय?"

"नव्हती. ओल्यात रंग स्वच्छ दिसत होता. माझं तोंड दिसत होतं त्यात."

दादा लालबुंद झाला. "मला शिकवतेस? मशीन कोणी दिलं तुझ्या हातात?" तो तरातरा पुढच्या दाराकडे गेला. तिथला रंग अजून शाबूत होता. त्यानं बादलीच उपडी केली दारावर. "बघ! आता बघ आणि सांग! ही साय नाही? ही? आंधळी आहेस का?"

शेवटचा शब्द तोंडातून निघाला आणि तो गप्प झाला. दारावरून पाणी ओघळत होतं. चिमणी रडवेली होऊन उभी होती, पण तिनं मान खाली घातली नाही.

"नळ दिसतोय मला दारात," ती हळू म्हणाली. "मागची खिडकी दिसतेय. तू दिसतोयस, तुझ्या भुवईवरची निळी पूड दिसतेय. साय नाहीये, दादा."

 मग तो भिंतीला हात लावत नळापाशी गेला. ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांवर मारलं, पुन्हा मारलं. निळं पाणी गालांवरून खाली आलं. त्यानं तोंड पुसलं नाही. पापण्या तशाच ओल्या ठेवून त्यानं ट्यूबकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि मग तिच्याकडे.

"ओल्यातही तशीच आहे गं," तो म्हणाला.

 चिमणी सुचलं ते बोलून गेली. "डॉक्टरकडे जाऊ ना, दादा. उद्याच जाऊ. हल्ली काय, सकाळी ऑपरेशन आणि संध्याकाळी घरी."

"गेलो होतो. चार महिने झाले." तो बादली पालथी करून तिच्यावर बसला. "मोतीबिंदू असता तर काढला असता म्हणाला. आतली नस सुकत चाललीय. जे गेलं ते परत येत नाही, आहे तेही राहील असं नाही. मी म्हटलं, त्याला काय कळतंय, त्यानं कधी गाडी रंगवलीय?"

"आणि मग शिंपीकाकांकडे गेलास?"

"आप्पांचा निळा मला पाठ आहे. म्हटलं, तो एक तरी नीट दिसेल. रस्त्यात बघितला तर तोही दुधाळ. रात्रभर एकच विचार, की खरंच खराब झाला असेल तर बरं होईल." त्यानं बॉनेटच्या दिशेनं हात केला. "गाडी खराब निघाली असती तर मी चांगला होतो, चिमणे. म्हणून घासत सुटलो. आप्पांचा रंग मी घासून टाकला."

तिला त्याचा राग आला, आणि त्याच्याहून जास्त स्वतःचा आला. पन्नास पावलं. पन्नास पावलं ती गप्प राहून चालली नसती तर तो निळा वाचला असता.

"तुला तेव्हाच दिसलं होतं?" दादानं विचारलं. "मी आतली म्हणालो तेव्हा?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"काका होते समोर."

दादानं मान हलवली. वर्कशॉपमध्ये काम नीट झालं की हलवायचा तशीच, सावकाश, दोनदा.

"बरोबर केलंस," तो म्हणाला.

तिथे मात्र तिचा बांध फुटला. ती गाडीच्या ओल्या दाराला टेकली आणि हमसून हमसून रडायला लागली, लहान मुलीसारखी, आवाज करून.

दादा बादलीवरून उठला. एक हात पुढे धरून तिच्यापर्यंत आला, तिचा खांदा चाचपला आणि तिथेच हात ठेवून उभा राहिला.

"रड," तो म्हणाला. "आज हातात मशीन नाहीये तुझ्या."