नेढ्यातला दोरा

आई शर्टांना काजं-बटणं करून घर चालवायची, आणि थोरली लेक रोज शाळेत जाण्याआधी तिच्यासाठी सुया ओवून ठेवायची. उशीवर ओळीनं टोचलेल्या, दोऱ्याची शेपटं सोडलेल्या सुया. दुपारी त्या संपल्या की थोरली येईपर्यंत आई हात बांधून बसे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, हे चष्म्याच्या पलीकडचं आहे. काम देणाऱ्या शिंप्याला याचा पत्ता नव्हता. लागता तर काम दुसऱ्या घरी गेलं असतं. शेजारणीकडून सुया ओवून घ्याव्यात, तर तिच्या तोंडाला कुठे गाठ मारता येते?

म्हणून थोरलीनं ठरवलं, शाळा सोडायची. शाळेचा नियम अठरापर्यंत सोडत नव्हता. पण सोळा पुरी झाली की एक वाट होती. घरी अडचण असेल आणि आईनं किंवा वडिलांनी मोठ्या बाईंसमोर येऊन हो म्हटलं, तर नाव कमी होई. वडील तर नव्हतेच. सोळावं सरल्यापासून थोरली आईमागे भुणभुण करत होती. आई गप्प. गप्प म्हणजे हो, असं धरून थोरली तिला शाळेत घेऊन आली.

मोठ्या बाईंनी खुर्ची दिली. "अडचण काय आहे, ताई?"

"आईला दिसत नाही," थोरलीच म्हणाली.

"कोण म्हणतं?" आई वळली. "अहो, हिच्या बाहीचं बटण लोंबतंय. मला कळलं, हिला नाही. आता आंधळं कोण, तुम्हीच सांगा."

"आई, अगं..."

"हात इकडे कर."

तिनं पिशवीतून डबी काढली. जुना दोरा दातानं तोडला, नवा जिभेवर ओला केला आणि सुई खिडकीकडे धरली. कामाला बसली की गुणगुणायची, तसं गुणगुणू लागली:

"नेढ्यातून गं सुईच्या, दोरा निघाला सासरी,
वळून वळून पाहतो, गाठ राहिली माहेरी."

दोऱ्याचं टोक नेढ्याच्या शेजारून गेलं. पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा आईनं हात खाली घेतला, बोटांत गाठ वळली आणि सुई बाहीत घातली. सुई रिकामी होती. दोरा आईच्या मांडीवर पडला होता.

थोरलीनं तो पाहिला. टेबलापलीकडून बाईंना तो दिसत नव्हता. आता एक शब्द, की सुटलो. पण आईची सुई टाक्यामागून टाका घालत होती, एकही न चुकता, आणि परक्या बाईसमोर तिला उघडं पाडणं थोरलीच्या जिवावर आलं. तिनं अंगठ्यानं बटण जागच्या जागी दाबून धरलं.

"तुमचं हो आहे की नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग जा वर्गात," बाई थोरलीला म्हणाल्या. "आधी आईला फाटकापर्यंत सोड."

फाटकाशी थोरलीनं अंगठा काढला. बटण तिच्या तळहातावर पडलं.

"गेला होता का गं दोरा?" आईनं विचारलं.

"गेला होता."

"खोटं बोलायलाही शिकवतात वाटतं इथे." आईनं तिचा दंड घट्ट धरला. "शिकतेच आहेस, तर सगळंच शिकून घे."

थोरलीच्या डोळ्यांपुढे मात्र दुपारची रिकामी उशी होती, आणि दारात उभा शिंपी.

"पायरी आहे, आई."

"दिसली," आई म्हणाली, आणि चाचपत पाय खाली टाकला.