आडवे पट्टे, उभे पट्टे

मी एक जुनी घोंगडी आहे. जुनी म्हटलं म्हणून नाकं मुरडू नका, मित्रांनो! लेसोथोच्या डोंगरात बर्फ पडलं की भल्याभल्यांना माझीच ऊब आठवते.

गिरणीत माझ्या अंगावर मक्याची कणसं विणली, मधून काळे पट्टे ओढले आणि एका नवरीच्या खांद्यावर मला घातलं. आमच्याकडे सासरी पाऊल टाकताच नवरीला होणाऱ्या लेकराच्या नावाने हाक मारतात. ती झाली मालिपूओ, म्हणजे लिपूओची आई. लिपूओ मात्र दोन वर्षांनी आली! किती वर्षं मिरवले मी! मग लाल घोंगडी आली आणि मी पेटीत गेले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

लिपूओ दहा वर्षांची झाली. स्वातंत्र्यदिनी शाळेत तिला आपल्या देशाची ओळख सांगायची होती. मागल्या वर्षी ती मधेच विसरून रडत पळाली होती. गुरुजी म्हणाले, "पोरी, ही शेवटची संधी हं!"

त्या सकाळी बोचरा वारा होता. घाईघाईत तिने पेटीतून मलाच काढून अंगाभोवती गुंडाळलं आणि ती मंचावर चढली. पहिल्या रांगेतले म्हातारे माकोआए, आमच्याकडे वडीलधाऱ्यांना न्ताते म्हणतात, तर ते न्ताते माकोआए ओरडले, "अगं ए, पट्टे आडवे! वाढ खुंटेल ना! जन्मभर बुटकी राहायचंय का?"

सगळे खो खो हसले. लिपूओला एक शब्द आठवेना. तिने माझ्या कडा घट्ट आवळल्या. मला तोंड असतं तर मीच बोलले असते!

मालिपूओ धावत आली, मला फिरवून पट्टे उभे केले. "हं, आता बोल."

लिपूओचं बोट माझ्या कणसावर पडलं. "हा आमचा मका. याच्या पिठाची घट्ट उकड, तिला आम्ही पापा म्हणतो, रोज पालेभाजीशी खातो. आणि हे पट्टे उभे, कारण आमचा देशही उभाच. चेंडू खेळायला सपाट जागा सापडत नाही! चारी बाजूंना एकच शेजारी, दक्षिण आफ्रिका. समुद्र नाही आम्हाला. पण आमच्या डोंगरातलं पाणी समुद्राला जातं. मग आम्ही कशाला जायचं?"

टाळ्या थांबेनात. न्ताते माकोआए म्हणाले, "शाब्बास! आता वाढशील बघ ताडमाड!"

तेव्हापासून मी पेटीत नाही. मित्रांनो, जुनी पांघरुणं कोंडून ठेवू नका. ऊन दाखवा, भोकं रफू करा. लिपूओ आता उंचीने आईच्या कानापर्यंत आली आहे. मालिपूओ म्हणते, वयच आहे वाढीचं. म्हणू दे बापडीला. पट्टे उभे कोणी धरलेत, ते मला ठाऊक आहे!