तिसऱ्या रांगेतली खुर्ची

प्रेमाला गाण्याचं वेड होतं, आणि तिच्या नवऱ्याला, कुंडलिकला, गाणं सुरू झालं की झोप यायची. यात दोघांपैकी कुणाचाच गुन्हा नव्हता. प्रेमाचा बाप भजनी मंडळात पेटी वाजवायचा, त्यामुळे सूर तिच्या कानात लहानपणीच घुसून बसले होते. कुंडलिकच्या कानात घुसली होती ती बैलांची घुंगरं. मुरबाडला एकदा अभंगांच्या कार्यक्रमाला दोघं जोडीनं गेली, तर हा गडी दुसऱ्या अभंगालाच घोरायला लागला. पुढच्या रांगेतली माणसं मान वळवून हसली. घरी येताना तो म्हणाला, "तू जात जा गो. मला नको वढू."

प्रेमानं ते खरं धरलं.

सरळगाव-किन्हवली रस्त्यावर त्यांचं गाव. भाताचं रान, त्याच्यातच पावसाळ्यानंतर भेंडी. लेक कुणाली कल्याणला नर्सिंग शिकायला राहिलेली. सकाळी भेंडी तोडून गाडीत भरली की प्रेमाचा दिवस तसा मोकळा व्हायचा. लेकीनं हट्टानं घ्यायला लावलेली स्कूटी दारात होती. पहिल्यांदा ती एकटी मुरबाडला गाणं ऐकायला गेली, तेव्हा कार्यक्रमाच्या दारात तिचे पाय जड झाले होते. आपण चोरी करायला आलोय, असं उगाच वाटत होतं. पण आत बसल्यावर तिला कळलं, की आजवर तिनं धड असं गाणं ऐकलंच नव्हतं. दर वेळी शेजारी कुणीतरी असायचं. कुणाला पाणी हवं, कुणाला लवकर निघायचं, कुणी मधेच भाजीचा भाव सांगणार. आज कुणी नव्हतं. एका ओळीला तिचे डोळे भरून आले, ते तिनं भरू दिले. "काय झालं गो?" असं विचारायला कुणी नव्हतं, हेच मोठं सुख होतं.

मग ती जातच राहिली. शहापूरला नाटक, किन्हवलीला कीर्तन, म्हसा गावच्या जत्रेला सुद्धा एकटी. जत्रेत बाकड्यावर बसून तिनं गरम जिलबी खाल्ली, तेवढ्यावरून गावात चार दिवस चघळायला विषय झाला. गिरणीवर दळण घेऊन गेली, तर तिची जाऊ मालू सगळ्यांसमोर म्हणाली, "एकटीच गेलतीस म्हनं? भावजींचं नि तुझं बरं हाय ना?"

"बरं हाय की."

"नाय, लोक इचारतात. मी काय सांगू त्यांना?"

"सांग, जिलबी गोड होती," प्रेमा म्हणाली, आणि दळण उचलून निघाली. पण रस्ताभर तिचं डोकं तापलेलं होतं. कुंडलिक बैलगाड्यांच्या शर्यतीला पार रायगडापर्यंत जायचा. सकाळी गेलेला माणूस दिवे लागल्यावर धुळीनं माखून यायचा. त्याला आजवर गिरणीवर, पारावर, एसटीत, कुठंही कुणी विचारलं नव्हतं, की बाबा, बायको कुठंय? बाप्या एकटा गेला तर हौस, बाई एकटी गेली तर घरात काहीतरी बिनसलंय!

फेब्रुवारीतल्या एका रविवारी शहापूरच्या मंगल कार्यालयात दुपारी गाण्याचा कार्यक्रम होता. कल्याणकडच्या एक बाई गाणार होत्या, अभंग आणि नाट्यगीतं. पास फुकट होते, एका स्टेशनरीच्या दुकानात ठेवलेले. त्यांच्यावर स्पष्ट छापलं होतं: एका पासावर एका व्यक्तीस प्रवेश, येईल त्याला जागा. प्रेमानं आदल्या आठवड्यातच एक पास आणला. त्या दिवशी तिनं उजाडताच भेंडी तोडली, जेवण करून झाकून ठेवलं, हिरवी साडी नेसली आणि गाडी काढली. कार्यालयात पोचली तेव्हा सतरंजीवरचा तबला अजून फडक्यात गुंडाळलेला होता. तिनं तिसऱ्या रांगेतली मधली खुर्ची धरली. तिथून गाणारणीचा चेहरा आणि तबलजीचे हात दोन्ही दिसणार होते.

हॉल भरायला लागला. बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता आला.

"ताई, एकट्याच आहात का?"

"हो."

"जरा मागं बसता का? चौघंजण आहेत, एकत्र बसायचंय त्यांना."

प्रेमा उठली. असू दे, माणसांना एकत्र बसावंसं वाटतं, तिनं मनात म्हटलं. ती सातव्या रांगेत गेली. तिथं नुकती बूड टेकते तोच दुसरा कार्यकर्ता. "मावशी, नवीन जोडपं आहे, तुम्ही एकट्याच ना? कडेला सरका ना जरा." ती कडेला सरकली. मग कडेची खुर्ची कुणा पाहुण्यासाठी हवी झाली, आणि शेवटी तिला दाराजवळ, चहाच्या टेबलामागं बसवलं. कपबशा आदळत होत्या. समोर खांब. खांबाच्या एका बाजूनं गाणारणीचा फक्त उजवा खांदा दिसणार होता.

एकट्या माणसाला बूड नसतं, असं यांना वाटतं की काय? की एकटं माणूस म्हणजे सुटा पैसा, कुठंही सरकवा?

ती मान लांब करून आपली जुनी जागा बघायला लागली. तिथं एक बाई, एक बाप्या आणि त्यांची मोठी मुलगी बसली होती. मधल्या खुर्चीवर, प्रेमाच्या खुर्चीवर, बसली होती एक पिशवी. डब्याची. गुलाबी बंदांची.

तेव्हा मात्र तिच्या डोक्यात सणक गेली. माणसाला उठवून तिथं पिशवी बसवली! ती उठली, ताडताड चालत तिसऱ्या रांगेत गेली, पिशवी उचलून त्या बाईच्या मांडीवर ठेवली आणि आपल्या खुर्चीवर बसली.

"अहो! अहो, तिथं आमचं माणूस येतंय!" बाई म्हणाली.

"माझं आलेलं हाय," प्रेमा म्हणाली.

बाप्या उठला, हात करून कार्यकर्त्यांना बोलावू लागला. दोघं आले, मग तिसरा आला, पांढरा सदरा घातलेला. तो कार्यक्रम भरवणाऱ्या मंडळाचा ज्ञानेश्वर. सगळी व्यवस्था त्याच्याकडं होती, आणि व्यवस्था म्हणजे दुसऱ्याला उठवणं असा त्याचा समज दिसत होता.

"ताई, सहकार्य करा ना. फॅमिली आहे."

"मी तीनदा सहकार्य केलं दादा. आता दमले."

"कुठल्या गावच्या तुम्ही?"

तिनं गाव सांगितलं. आडनाव सांगितलं. ज्ञानेश्वरच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "म्हणजे आमच्या कुंडलिकच्या मिसेस का? शर्यतीतला कुंडलिक? अहो वहिनी, आधी सांगायचं!" एका क्षणात ताईची वहिनी झाली होती. आता ती कुणाची तरी होती, म्हणजे आता तिच्याबद्दल तिच्या धन्याशी बोलता येणार होतं. आणि त्यानं तेच केलं. तिथंच, सगळ्यांदेखत, फोन लावला.

"कुंडलिक, अरे वहिनी इकडं एकट्याच आल्यात. जरा वाद चाललाय खुर्चीवरून. तू समजाव." आणि फोन तिच्या कानाशी धरला.

"अगो," पलीकडून कुंडलिकचा आवाज आला, "कशाला तमाशा करतेस? दे ना जागा."

प्रेमानं फोन परत केला. तिला वाटलं होतं, तो निदान विचारेल तरी, काय झालं म्हणून. तेवढंही नाही. ज्ञानेश्वर सूचकपणे तिच्याकडं बघत राहिला. ती हलली नाही, तेव्हा तो माइकवाल्याच्या कानाशी लागला. माइकवरून आवाज घुमला, "काही भगिनींना विनंती आहे, कृपया कुटुंबांना एकत्र बसू द्यावं. आपल्यामुळे कार्यक्रमाला उशीर होत आहे."

सगळा हॉल वळला. सगळ्यांना कळलं, भगिनी कोण.

प्रेमा उभी राहिली. तिचा आवाज रानात हाक मारणाऱ्या बाईचा होता, त्याला माइक लागला नाही.

"माझ्यामुळं उशीर नाय होत! मी तुमच्या आधी येऊन बसलेय. पासावर लिवलंय, येईल त्याला जागा. तीनदा उठवलंत. का, तर मी एकटी. मला नवरा हाय, लेक हाय, घर हाय. पन गानं ऐकायला मला माझे दोन कान पुरतात! माझ्या बाजूला कोन नाय म्हनून माझी खुर्ची पिशवीला दिलीत. पिशवी काय फॅमिली हाय का?"

कुठंतरी मागं कुणी हसलं. तिच्यावर की पिशवीवर, ते कळलं नाही. प्रेमा परत खुर्चीवर बसली. तेवढ्यात दारातून एक म्हातारी काठी टेकत हळूहळू येत होती. "आल्या बघा सासूबाई!" पिशवीवाली बाई म्हणाली. "बघा आता, म्हाताऱ्या माणसाला जागा नाही. कळतंय का तुम्हाला?"

म्हातारीला उभं ठेवून प्रेमा बसू शकली नसती. ती उठायला लागली, तोच म्हातारी काठी उगारून म्हणाली, "बस गो तू. कशाला उठतेस? ती बघ तिकडं कडेला खुर्ची हाय, पंख्याखाली. मी तिथं बसते."

"आई, पण आपण एकत्र..."

"मला काय तुमच्या मांडीवर बसायचंय? सगळा टाइम कुजबुज करता. म्हनलं होतं ना, मी एकटी रिक्षानं येते म्हनून? ऐकलंत?" आणि ती पंख्याखाली जाऊन खरोखरच एकटी, पाय जवळ घेऊन बसली. धोंडूबाई तिचं नाव, ते प्रेमाला नंतर कळलं. तिच्या घरच्यांनी मध्यंतरात दोनदा तिला हाका मारल्या, तिनं वळून पाहिलं नाही.

गाणं सुरू झालं. गाणारणीचा आवाज उन्हातल्या मधासारखा होता, सगळे म्हणत होते. प्रेमाला ऐकू आलं नाही. पहिली तीन गाणी ती नुसती कानात सणसणणारं रक्त ऐकत बसली. शेजारची बाई अंग चोरून बसली होती. यांनी माझी खुर्ची नाही घेतली, प्रेमाच्या मनात आलं, पण गाणं घेतलं. खुर्ची भांडून परत मिळते. गेलेली तीन गाणी कुणाकडं मागायची? याच गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त राग आला. चौथ्या गाण्याला कुठं सूर तिच्यापर्यंत पोचला.

कार्यक्रम संपून ती बाहेर आली, तर गेटापाशी मोटरसायकलला टेकून कुंडलिक उभा. अजून ऊन होतं. शेतातले कपडे तसेच अंगावर.

"चल," तो म्हणाला.

"माझी गाडी हाय," ती म्हणाली.

दोघं आपापल्या गाडीवर निघाली. शेणव्याच्या नाक्यावर कुंडलिकनं हात केला, टपरीवर चहा सांगितला.

"लाज वाटली मला," तो कपात बघत म्हणाला. "ज्ञानेश्वर इचारत होता, घरात काय भांडन हाय का. नवरा फिरवत नाय म्हनून बाई एकटी फिरते, असं वाटतं लोकांना."

"तुमी शर्यतीला जाता. मला कदी कोनाचा फोन आलाय? 'वहिनी, कुंडलिक एकटाच आलाय, घेऊन जा'?"

कुंडलिकला हसू फुटलं, पण तिचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं.

"आनि तुमी इचारलं पन नाय," ती म्हणाली. "काय झालं, इचारलं नाय. दे जागा म्हनालात. मला तीनदा उठवलं, माझ्या जागी पिशवी ठेवली. मी तमाशा केला?"

टपरीवाल्यानं रिकामे कप उचलले. मग कुंडलिकला काहीतरी सुचलं. "बरं, पुढच्या वेळी मी येतो तुझ्यासंगं. कोन काय बोलतंय बघू."

"नको."

"नको? का?"

"तुमी घोरता. आनि मला सोबत नकोय. तुमाला कळंना का? मला सोबत मिळत नाय म्हनून मी एकटी जात नाय. मला आवडतं म्हनून जाते. फोन आला तर येवढंच सांगायचं, तिला बसू दे."

कुंडलिकनं खिशातनं फोन काढला. त्यानं ज्ञानेश्वरला लावला आणि अडखळत, रस्त्याकडं बघत म्हणाला, "हां, काय नाय... ती आमची... ती येत जाईल एकटी. तिला उठवू नका. हां." फोन ठेवून त्यानं बायकोकडं पाहिलं, शाबासकीची वाट बघणाऱ्या माणसासारखं.

प्रेमाला खरं तर बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याच्या खालोखाल पुन्हा तीच सणक. म्हणजे मी हॉलभर ओरडून सांगितलं ते गेलं वाऱ्यावर, आणि यानं दोन शब्द बोलल्यावर ते पटणार! माझ्या खुर्चीला यांची शिफारस लागणार!

"उद्या मी जाते त्याच्याकडं," ती स्कूटीची किल्ली फिरवत म्हणाली. "पुढच्या कार्यक्रमाचा पास मागायला. आनि माइकवरनं बोलला ना, तसंच माइकवरनं माफी मागायला सांगते."

"तो मागंल का?"

"नाय मागनार," प्रेमा म्हणाली. "पन मी सांगनार."

आणि ती कुंडलिकच्या पुढं निघून गेली.