विहिरीवरचा हिरवा ठिपका

अश्लेषाने विहिरीतून बादली ओढली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि लगेच थुंकलं. खारट. चांगलंच खारट!

मागे तिचे दिवाकरकाका उभे होते, आणि त्यांच्यामागे वाळून काड्या झालेल्या पानवेली. वेली वाळल्याचं ऐकूनच ती विरारहून गास गावी धावत आली होती.

विहिरीत खारटपणा मोजणारं यंत्र तिच्याच ऑफिसचं, तिनेच हौसेने बसवलेलं. काकांच्या फोनवर ठिपका दिसायचा. पाणी गोडं तर हिरवा, मर्यादेबाहेर खारट तर लाल. महिन्यापूर्वी यंत्र बिघडलं आणि आकड्याऐवजी भलतंच काही पाठवू लागलं, जे मुळी आकडाच नव्हे. अशाला 'मर्यादेपेक्षा जास्त आहे का?' विचारलं, की प्रोग्रॅम मुकाट 'नाही' म्हणतो. जास्त नाही, मग हिरवा! म्हणून आधी 'हा आकडा आहे तरी का?' हे तपासायचं असतं. एका ओळीचं काम. ऑफिसातल्या वरिष्ठ संपदा मॅडमनी विचारलंही होतं, "ती ओळ टाकलीस ना?" आणि ही बया बेधडक "हो" म्हणाली होती. उद्या टाकू म्हणून. तो उद्या काही उजाडला नाही. आज सकाळी तिने यंत्राच्या नोंदींची फाइल उघडली, तेव्हा महिन्याभराच्या रकान्यात एकही धड आकडा नव्हता.

"काका, तुम्ही पाणी चाखलं नाहीत?"

"चाखलं की. रोज खारट लागायचं. पण फोन हिरवा. म्हटलं, सत्तरी उलटली, जीभ गेली आपली." काका ओशाळं हसले. "तुझ्या काकूला बोललो नाही. आमटीत मीठ बरोबर आहे का विचारते, तर नुसती मान हलवतो."

अश्लेषाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, चूक माझी आहे. तपासायचं ते मी तपासलंच नाही, आणि तपासलं म्हणून खोटं सांगितलं."

काकांनी बादलीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"म्हणजे पाणी खारटच होतं?"

"हो."

"महिनाभर?"

"हो, काका."

आता शिव्या बसणार म्हणून तिने मान खाली घातली. काका मात्र घराकडे वळले होते.

"द्वारका, अगं ऐकलंस का? जीभ शाबूत आहे माझी! आण ती आमटी इकडे!"

पानवेलींकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. थोड्या वेळाने आतून त्यांचा खणखणीत आवाज आला.

"मीठ कमी पडलंय गं!"

अश्लेषा बादलीची कडी घट्ट धरून विहिरीपाशीच रडत उभी राहिली.