मालाच्या काट्यावर

कंपनीतल्या डॉक्टरांच्या खोलीतला वजनकाटा बंद पडला होता, म्हणून माझ्या दादाला खाली गोदामात नेऊन मालाच्या काट्यावर उभं केलं. ज्या काट्यावर लिफ्टच्या मोटरी आणि लोखंडी दोराची रिळं चढवतात, त्याच्यावर. काटा दुरुस्त होईपर्यंत दोन दिवस थांबावं असं एकालाही वाटलं नाही. आजूबाजूला सगळं खातं जमलेलं. गोदामवाल्याने आकडा मोठ्याने वाचला, रिळाचा वाचतो तसाच, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "टेम्पो पासिंगला लावा आता." तेव्हापासून दादाचं नाव टेम्पो पडलं. सगळे हसले, दादाही हसला. मला सांगतानासुद्धा हसतच होता, आणि त्याच्या त्या हसण्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दादा लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करतो. उंच इमारतीत लिफ्ट ज्या अंधाऱ्या विहिरीसारख्या पोकळीतून वरखाली होते, तिच्यात कंबरेला आणि खांद्यांना पट्टा बांधून उतरायचं, ग्रीसने माखलेल्या रुळांवर बॅटरी मारत काय घासलंय, काय सैल झालंय ते बघायचं. वर त्याचा दोर धरून जोडीदार उभा असतो. दादाचा जोडीदार लंबू. दोघं एकाच आठवड्यात कामाला लागले, तेव्हा दोघांनाही धड मिसरूड फुटलं नव्हतं. दादाच्या मुलीला आम्हा घरच्यांच्या आधी ज्याने मांडीवर घेतलं तो हा लंबू.

तर कंपनीत नवा नियम आला, त्यासाठीच ते वजन. पट्ट्यावर जेवढं वजन छापलंय, त्याहून जड माणसाने खाली उतरायचं नाही. नियमाबद्दल दादाची काही तक्रार नव्हती. "चिमणे, पट्टा तुटला तर खालची फरशी मला थोडीच विचारणार, किती वर्षं नोकरी झाली म्हणून," असं म्हणाला. माझे केस पांढरे व्हायला लागले तरी त्याची मी चिमणीच. सुपरवायझरने त्याला उन्हाळा संपेपर्यंतची मुदत दिली. तोवर वजन उतरलं नाही, तर गोदामात बसून खिळ्यांची खोकी लावायची. खिळ्यांत काही वाईट नाही, पण ज्या माणसाला मोटरीचा आवाज ऐकून तिचं दुखणं कळतं त्याला खोकी लावायला बसवायचं, म्हणजे काय ते माझं मला ठाऊक.

माझं कपडे अल्टर करायचं दुकान आहे. एक शिलाई मशीन, एक इस्त्रीचं टेबल, पडद्यामागे कपडे घालून बघायची जागा. दादा कामाच्या पँट घेऊन यायचा आणि मी कंबर आत घ्यायची. सुरुवातीला भराभर आत घेतली. सकाळी नुसता चहा, दुपारी दोन काकड्या, एवढ्यावर गडी दिवस काढत होता. येणारेजाणारे वर सल्ले देत. माझ्या दुकानात बाही तोकडी करायला आलेली एक बाई, ओळख ना पाळख, त्याला म्हणाली, "तोंडाला जरा लगाम घातला की झालं, त्यात काय एवढं." तिची बाही मी नीटच शिवून दिली, पण कशी दिली ते मलाच माहीत.

मग एकदा टेप लावली आणि कंबर पूर्वीएवढीच निघाली. मी टेप गुंडाळली. दादाच पडद्याशी उभा राहून बोलला. मान खाली, हात पँटच्या बक्कलावर.

"मी गाडीत खातो," म्हणाला. "काम सुटलं की दुकानात थांबतो. पाव, बिस्किटं, जॅमची बाटली. कोपऱ्यावर गाडी लावतो आणि खातो. चव पण लागत नाही गं. पोटाला तडस लागली तरी हात थांबत नाही. मग सगळी वेष्टनं सीटखाली कोंबतो आणि घरी जाऊन तुझ्या वहिनीसमोर सूप पितो."

"भूक लागते म्हणून?"

"भूक असती तर पावाच्या चार तुकड्यांत भागली असती. हा भस्म्या आहे. उठला की मी माझा राहत नाही."

त्याची आणि माझ्या वहिनीची समजूत होती की हा इच्छाशक्तीचा प्रश्न आहे. सुपरवायझरची तर होतीच. मी त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. तिथे आहाराचं बघणाऱ्या बाई होत्या, शांत, चष्मा डोक्यावर सरकवून बोलणाऱ्या. त्यांनी आधी विचारलं, सकाळी काय खाता. दादा म्हणाला, चहा. त्या म्हणाल्या, "मग संध्याकाळी दुसरं काय होणार? दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर सूड घेतं." सकाळी पोटभर खायचं, दुपारी जेवायचं, मधे काहीतरी खायचं. वजन हळू उतरलं तर हळू उतरू दे. आणि उबळ आली तर तिच्याशी कुस्ती खेळायची नाही. ती चढते तशी उतरतेसुद्धा, तेवढा वेळ एखाद्या माणसाशी बोलत बसायचं. कधी हातून खाणं झालंच, तर दुसऱ्या दिवशी उपास करून फेडायचं नाही, नेहमीसारखा नाश्ता करायचा. दादाने विचारलं, "आणि शिक्षा?" बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि त्याला नीट बघून घेतलं.

त्याने बोलायचं माणूस म्हणून मला निवडलं. फोन यायचा, "चिमणे, उठलाय." मी तोंडात टाचण्या धरून हं हं करायची, तो काहीबाही बोलायचा. कुठल्या इमारतीत म्हातारीने लिफ्टमध्ये खुर्ची टाकून ठेवलीय, कुठे पोपट अडकला होता. कधी मीच बोलायची, गिऱ्हाइकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची. मग तिकडून एक लांब श्वास ऐकू यायचा आणि तो म्हणायचा, "ठेव, घरी निघतो." कंबर पुन्हा आत घ्यावी लागली, यावेळी सावकाश. वहिनी सांगत होती, रात्री झोपही लागते आता.

आणि मग परत घसरला. फोन येईनासे झाले, आले तर उशिरा, खाऊन झाल्यावर. आवाज खोल गेलेला. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्याच्या हत्यारांच्या पिशवीत कुणीतरी खाऊ ठेवतं. कधी चॉकलेट, कधी लोण्याची बिस्किटं, कधी केक. नाव नाही, गाव नाही.

"कुणीतरी मायेनं ठेवत असेल," दादा म्हणाला. "माझी धडपड बघून. टाकून कसं द्यायचं? दोष त्यांचा नाही, चिमणे. माझ्यातच खोट आहे."

मलाही ते तेव्हा खरं वाटलं. माया करणारी माणसं आंधळी असतात, एवढंच मनात आलं.

त्यांच्या कंपनीचे डगले शिवायला माझ्याकडेच येतात. उन्हाळा सरत आला होता. दुपारी मी गठ्ठा घेऊन गोदामाशी गेले. भिंतीला लिफ्टची जुनी दारं टेकवून ठेवली होती, त्यांच्या पलीकडे हात धुवायचे नळ. नळावर सुपरवायझर आणि गोदामवाला बोलत होते. मला ते दिसत होते, मी त्यांना नव्हते.

"गडी उतरतोय, साहेब. हरणार आपण," गोदामवाला म्हणाला.

"हरतोय कसला. लंबूने आज मोठा केक ठेवलाय, क्रीमचा. टेम्पो तो रिकामा करूनच घरी जाणार बघ. पार्टी उतरेल म्हणणाऱ्यांकडूनच घ्यायची आपण."

मी गठ्ठा तिथेच खाली ठेवला. माझ्या भावाचं वजन उतरतं की नाही यावर अख्ख्या खात्याने पैज लावली होती, आणि पैज जिंकायला त्याच्या पिशवीत केक जात होता. त्याने काय काय सोसलं ते त्यांना माहीत नव्हतं असं म्हणावं, तर तेही नाही. दवाखान्यातल्या बाईंनी काय सांगितलं ते त्याने भोळेपणाने एकालाच सांगितलं होतं. लंबूला.

सांगावं की सांगू नये, असा विचार मी दारापासून फाटकापर्यंतच केला. दादा आवारात गाडीत बसून पाणी पीत होता. मी शेजारी बसले आणि ऐकलं ते सगळं सांगितलं, लंबूचं नाव घेऊन. त्याने बाटलीचं झाकण लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"लंबू?"

"हो."

मागच्या सीटवर हत्यारांची पिशवी होती. तिच्यात पुठ्ठ्याचा पांढरा खोका. त्याने मागे वळून बघितलं नाही, पण मला दिसत होतं की गाडीत त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं.

"उठलाय," तो म्हणाला.

"मी आहे इथेच."

"आत्ता तू उतरलीस ना, तर मी तो सगळा खाईन. माहीत असून खाईन."

"मी कुठे उतरतेय? बोल."

"काय बोलू? तू बोल."

मला येतं ते शिवणकाम. मग मी त्याला काजं कशी करतात ते सांगायला लागले. आधी खूण, मग दोन बाजूंनी टाके, मग मधे चीर, आणि चीर आधी दिली तर सगळं उसवतं. तो स्टिअरिंग धरून ऐकत होता. कपाळावर घाम. मधेच म्हणाला, "वाढतंय." मी म्हटलं, "वाढू दे," आणि कॉलरवर आले. कॉलर संपली, बाही संपली, अस्तराशी पोचले. मग त्याने हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर पुसले.

"अस्तर नको," म्हणाला. "कंटाळा आला."

मी त्या दिवशी त्याच्यासमोर पहिल्यांदा रडले. तो खोका घेऊन उतरला आणि सरळ जेवणाच्या खोलीत गेला. मी मागोमाग.

चहाची वेळ होती. दादाने खोका टेबलावर ठेवला आणि उघडला. "हा कुणाचा?"

लंबू कपात बघत होता.

"अरे, गंमत," सुपरवायझर म्हणाला. "तुला कुणी भरवलं का? हात तुझा, तोंड तुझं."

"खरंय," दादा म्हणाला. "खाल्लं मीच. त्याचं मी बघून घेईन." मग तो लंबूकडे वळला. आवाज चढवला नाही. "पण मी खाली असतो तेव्हा दोर तुझ्या हातात असतो. मी कधी वर बघत नाही, तू धरलायस की नाही. आजपर्यंत कधी बघितलं नाही."

"दादा, दोराशी मी कधी..." लंबू उठला. "मला वाटलं, तू पण हसशील."

"मी हसत होतो म्हणूनच हे झालं."

सुपरवायझरला हे लांबायला नको होतं. "बरं बरं, पुरे. आणि शेवटी मुद्दा काय? पट्टा तेवढ्याच वजनाचा आहे. त्याला मी काय करू?"

तेव्हा गोदामवाला बोलला. ज्याने आकडा वाचला होता, तोच. खाली बघत बोलला. "जास्त वजनाचा पट्टा मिळतो, साहेब. नियम आला तेव्हाच मी मागणी टाकली होती. तुम्ही म्हणालात, एका माणसासाठी कशाला."

दादाने विचारलं, "म्हणजे पट्टा होता?"

"बाजारात होता."

मी तिथे काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. केक तिथेच राहिला. दादाने अंगावरचा कंपनीचा डगला काढून खुर्चीवर टाकला आणि बाहेर पडला.

सुपरवायझरचं काहीही झालं नाही. वर तक्रार केली तर उत्तर आलं की कामगारांची आपसातली चेष्टा होती, समज दिलेली आहे. तो आजही तिथेच आहे. दादाला दुसऱ्या कंपनीत काम मिळालं. पहिल्या दिवशी तिथल्या बाईने बुटाचा नंबर विचारावा तसं वजन विचारलं आणि फळीवरून त्याच्या मापाचा पट्टा काढून दिला. दादा म्हणतो, त्या बाईला कळलंसुद्धा नसेल मी का तिचे इतके आभार मानले.

वजन तो अजून उतरवतोय, गुडघ्यांसाठी आणि स्वतःसाठी. कधी उतरतं, कधी अडतं. मधे एकदा वाईट दिवस गेला, फोन खाऊन झाल्यावर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दोन अंडी आणि पाव खाल्ला, आणि खाल्ल्याचं मला कळवलं.

गेल्या आठवड्यात लंबू माझ्या दुकानात आला. हातात शर्ट होता, शिवण उसवलेला. शर्ट निमित्ताला आणला होता हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणाला, "दादाला सांगशील का, माझं चुकलं म्हणून?"

"तुला त्याचं घर माहीत आहे," मी म्हटलं. "जिने चढून जा आणि स्वतः सांग."

"तो दार उघडेल?"

"ते मला माहीत नाही. उघडलं नाही तर परत ये आणि परत जा."

तो उभाच राहिला. म्हणाला, तू तरी राग सोड. मी मशीन सुरू केलं. शर्ट ठेवून घेतला, कारण काम ते काम. राग मात्र सोडला नाही, आणि तो का सोडावा हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.