एक्केचाळीस मिनिटं

हेमलताबाईंचा लॅपटॉप सुरू व्हायला एक्केचाळीस मिनिटं लागत, आणि तेवढा वेळ त्यांचे वारलेले यजमान घरी येऊन बसत. बटण दाबलं की आतली तबकडी घरघरत फिरायला लागायची आणि दारात चपला वाजायच्या. एक्केचाळिसाव्या मिनिटाला पडद्यावर चित्र उमटलं, की खुर्ची रिकामी.

याचं हेमलताबाईंना नवल वाटायचं बंद होऊन तीन वर्षं झाली होती. कराडच्या दोन खोल्यांच्या घरात त्या लग्नपत्रिका जुळवून द्यायच्या. सकाळी मृदुला, त्यांची लेक, बँकेत गेली की बटण दाबायचं आणि दोन कप चहा टाकायचा, असा शिरस्ता पडून गेला होता.

गजाननराव हयातभर पाटबंधारे खात्यात होते आणि बाहेरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय त्यांनी कधी घरात पाऊल टाकलं नव्हतं. आधी डावी चप्पल काढायची, भिंतीला सरळ लावायची, मग उजवी. मग मोरीत तांब्याने घोट्यापर्यंत पाणी, मग पंच्याने बोटांच्या बेचक्या पुसायच्या. लग्नाची वरात दारात थांबली होती, तेव्हाही यांचं तेच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, यांची मेल्यावरही गेली नव्हती. सहा मिनिटं पायांतच जायची. उरलेल्या वेळात चहा प्यायचे, दूध आलं का विचारायचे, खिडकीतून बाहेर बघत बसायचे. प्रेमाचं अक्षर नाही. हेमलताबाईंना तेवढं पुरत होतं.

दिवाळीनंतर तबकडी खटखट करायला लागली. त्या दिवशी गजाननरावांनी चहात मीठ घातलं आणि आवडीने प्यायले. दोन दिवसांनी ते आले तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. जखम नव्हती, रक्त नव्हतं. बोटांच्या जागी नुसतं कोरं होतं, पत्रिकेत नाव घालायचं राहून गेल्यासारखं.

एका शनिवारी मृदुलाला सुट्टी होती. ती मुद्दाम समोर बसली. गजाननरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि बायकोला हळूच विचारलं, "या कोण?"

"अहो, असं काय करता? आपली मृदुला."

"असं होय," ते म्हणाले आणि लेकीकडे वळून आदराने हसले. "उभ्या का? बसा ना."

मृदुला बसलेलीच होती. ती उठली, न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून आत राहिली.

सोमवारी हेमलताबाईंनी रफिक शिकलगारला बोलावलं. रफिकभाई गजाननरावांच्या वयाचे, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटर. त्यांनी लॅपटॉपला कान लावला आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"वहिनी, आतली डिस्क जायला आलीय. फार तर पंधरा दिवस."

"आणि हे?"

"रोज थोडे थोडे कमी होणार. जिथं डाग पडतो तिथलं परत येत नाही." त्यांनी खिशातून बिस्किटाएवढी चपटी वस्तू काढून टेबलावर ठेवली. "ही एसएसडी घाला. हिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे झिजणारं काही नाही. आज जेवढे आहेत तेवढे जसेच्या तसे उतरवून देतो. पुढं केसालाही धक्का लागणार नाही."

"सुरू व्हायला किती वेळ?"

"आठ सेकंद," रफिकभाई अभिमानाने म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि ते चष्मा पुसत बसले.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. हेमलताबाईंनी विचार करायला चार दिवस घेतले, आणि त्या चार दिवसांत गजाननरावांची डावी भुवई गेली, पुण्याचा जुना पत्ता आठवेनासा झाला, पाठ गेली. ते खुर्चीला टेकले की खुर्ची दिसायची. पाचव्या दिवशी हेमलताबाईंनी सरळ त्यांनाच विचारलं.

"अहो, बदलू का?"

"काम अडतंय का तुझं?"

"अडतंय. पण मग आठच सेकंद मिळतील तुम्हाला."

"मग बदल की. मला काय विचारतेस?"

हेमलताबाईंचं डोकंच सणकलं. मृदुलाची शाळा, घराचा रंग, दवाखाना, सगळ्याला या माणसाचं एकच उत्तर. एवढं तरी स्वतःच्या तोंडाने, मला यायचंय म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? त्या दिवशी रागाच्या भरात त्यांनी रफिकभाईंना फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी गजाननरावांना कान नव्हते. "चहा घ्या," त्या तीनदा म्हणाल्या. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

चित्र उमटताच हेमलताबाई लॅपटॉप पिशवीत घालून धावत दुकानात गेल्या. "आत्ता उतरवा. उरलंय तेवढं."

उतरवायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. रफिकभाईंनी मान खाली घालूनच लॅपटॉप परत दिला. "बरंच सुटलं, वहिनी. पण पाय पूर्ण आलेत. पायांवर एक डाग नाही."

घरी येऊन हेमलताबाईंनी नीट आखणी केली. गजाननरावांची खुर्ची थेट उंबऱ्यापाशी ओढली. चहा बशीत ओतून निवत ठेवला. एक घोट घ्यायला आठ सेकंद काही कमी नाहीत. दार लोटून, लॅपटॉप मांडीवर घेऊन त्या दारापाशीच बसल्या आणि त्यांनी बटण दाबलं. घरघर झाली नाही. गजाननराव समोर उभे होते.

"अहो, आज पाय राहू द्या! तसेच या!"

त्यांना कान नव्हते. ते वाकले, डावी चप्पल काढली, भिंतीला सरळ लावली. "आलोच," ते म्हणाले, आणि चित्र उमटलं.

एरवी जाताना चपला त्यांच्याबरोबर जायच्या. आज डावी राहिली.

हेमलताबाईंनी लॅपटॉप बंद करून परत सुरू केला. ते दोन्ही चपला घालून आले, डावी काढली, पहिलीशेजारी सरळ लावली. "आलोच." तिसऱ्या वेळी त्यांनी बशी पुढे केली, पण ते वाकलेले होते. चौथ्या वेळी त्या स्वतःच त्यांची उजवी चप्पल काढायला खाली बसल्या. गजाननरावांनी संकोचून पाय मागे घेतला. "असू दे, मी काढतो," ते म्हणाले, आणि त्यातच वेळ संपला.

भिंत भरली तेव्हा ते दुसरी रांग लावू लागले, मग रांगेवर रांग. चहावर साय धरली. संध्याकाळी मृदुला आली तेव्हा दार आतल्या बाजूला दोन बोटांपलीकडे सरकेना.

"आई, दाराला काय अडकलंय?"

"थांब जरा. बाबा येतायत."

"आई, दार उघड." फटीतून मृदुलाचा हात आत आला आणि चाचपडत राहिला. "आई, या सगळ्या डाव्याच आहेत."

हेमलताबाईंनी बटण दाबलं. गजाननराव चपलांच्या ढिगावर उभे राहिले, वाकले, डावी चप्पल काढली आणि ठेवायला जागा शोधू लागले. जागा कुठेच नव्हती. मग त्यांना तो हात दिसला. त्यांनी चप्पल त्याच्या तळव्यावर सरळ लावून ठेवली.

"आलोच," ते म्हणाले.